जामुनटोल्याचं क्रॉसिंग

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात पहिल्यापासून दोन पक्ष आहेत, फॅक्टरीवाले आणि रेल्वेवाले. फॅक्टरीवाल्यांकडे सांगायला तोफा आहेत, बंदुका आहेत, दारूगोळा आहे. आम्हा रेल्वेवाल्यांकडे काय, तर उशीर. त्यामुळे दर दिवाळी अंकात त्यांचे लेख छापून येतात आणि आम्ही चकल्या खात ते वाचतो. यंदा अंकाचं काम नलूताईंकडे आलं. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या त्या छोट्या लाइनच्या स्टेशनचा इतिहास लिहून द्या बरं. ते स्टेशन आता राहिलंच नाही म्हणतात."

इतिहास म्हणाल तर तो पोस्टकार्डावर मावेल. रेल्वे कंपनीच्या जमान्यात जबलपूरहून नैनपूरकडे अडीच फुटी रुळांची छोटी लाइन टाकली. नर्मदा ओलांडून बरगी मागे टाकली की पुढे घाट लागायचा, आणि घाट चढायच्या आधी इंजिनाला पाणी पाजावं लागायचं. जामुनटोल्याला बारमाही पाण्याची विहीर होती, म्हणून तिथे स्टेशन झालं. पुढे कोळशाची इंजिनं गेली, डिझेलची आली. मग मोठी लाइन आली, छोटे रूळ उचलून नेले, आणि नव्या लाइनने जामुनटोल्याला लांबूनच वळसा घातला. संपला इतिहास.

गेल्या हिवाळ्यात मी त्या मोठ्या लाइनच्या गाडीने मुद्दाम जाऊन आलो. वळसा येतो तिथे खिडकीतून आमचं स्टेशन दिसतं. दारं-खिडक्या कोणी काढून नेल्या आहेत, तिकिटाच्या खिडकीखाली गोवऱ्या थापलेल्या होत्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहूनही जास्त काय वाटलं असेल तर हायसं. शेजारच्या प्रवाशाला हे सांगितलं असतं तर त्याला मी दुष्ट वाटलो असतो, म्हणून गप्प बसलो.

हायसं का, ते समजायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. एकेरी लाइनवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, नाहीतर काय होईल ते सांगायला नको. यासाठी प्रत्येक स्टेशनात दोन्ही बाजूंसाठी एकेक यंत्र असायचं. पुढच्या स्टेशनच्या मास्तराने फोनवर होकार देऊन त्याच्या बाजूची कळ दाबली, की आमच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला की त्याने गाडी हाकायची. पुढच्या स्टेशनात तो गोळा तिथल्या यंत्रात टाकेपर्यंत दुसरा गोळा काही केल्या निघायचा नाही, तुम्ही यंत्रावर डोकं आपटलं तरी. इतकी पक्की व्यवस्था असूनही मी नोकरीभर गाडी सुटली की पुढच्या स्टेशनची घंटा येईपर्यंत नीट जेवलो नाही. बायको म्हणायची, तुम्ही वरण-भात नाही, गाडी चावून राहिले.

या सगळ्यावर नजर ठेवायला कंट्रोल असायचा. कंट्रोल म्हणजे दूरच्या मोठ्या ऑफिसात बसलेला एक आवाज. त्याचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही. कानाला फोन लावला की तो विचारायचा, "गाडी क्यों खड़ी है?" चालत्या गाडीबद्दल त्याने कधी कौतुकाने विचारल्याचं मला आठवत नाही.

आता जामुनटोल्याची गंमत. इथे क्रॉसिंग व्हायचं. दुपारी जबलपूरहून नैनपूरकडे जाणारी आणि नैनपूरहून जबलपूरकडे येणारी अशा दोन पॅसेंजर गाड्या इथे भेटायच्या. प्लॅटफॉर्म एकच, मधोमध. एका कडेला ही गाडी, दुसऱ्या कडेला ती. डबे सारखे, रंग सारखा, बाकं सारखी, आतली गर्दी आणि कोंबड्याही सारख्या. एक इंजिन पाणी पिऊन होईपर्यंत दुसरं ताटकळायचं, तेवढ्यात माणसं उतरून पाणी प्यायची, विडी ओढायची, आणि शिट्टी झाली की धावत गाडीत चढायची. कोणत्या गाडीत, हा प्रश्न त्यांना नंतर पडायचा.

तुम्ही उतरलात तेव्हा तुमची गाडी पाठीमागे असते. नळावर ओणवं होऊन तोंड धुतलं, वळलात, की डाव्याचं उजवं झालेलं असतं. मोठमोठे लोक यात फसले. नैनपूरकडचे एक गृहस्थ कोर्टात साक्ष द्यायला जबलपूरला निघाले होते. ते चहा पिऊन दुसऱ्या गाडीत चढले आणि संध्याकाळी पुन्हा आपल्याच मुक्कामी उतरले. खटला त्यामुळे पुढे ढकलला गेला, आणि दोन्ही पक्षांनी म्हणे समोरच्याने त्यांना फितवलं असा आरोप केला. एकदा पाटनच्या एका व्यापाऱ्याचा मुनीम गुळाच्या ढेपा एका गाडीत आणि आपण दुसऱ्या गाडीत असा गेला. गूळ नैनपूरला पोचला, मुंग्यांसकट.

म्हणून आमच्या पॉइंट्समनने, छिद्दीलालने, एक पद्धत पाडली होती. सांधे बदलणं, सिग्नल ओढणं हे त्याचं काम. पण गाड्या सुटायच्या आधी तो हातात झेंडी घेऊन प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत जायचा, "जबलपुर वाले कुआँ की तरफ, नैनपुर वाले जंगल की तरफ." हे काम कोणत्याही नियमात नव्हतं. बाहेरचा कोणी ऐकून हसला तर छिद्दी म्हणायचा, "हँस लो भैया, तुम भी गलत बैठोगे."

मी सांगतो तो दिवस वैशाखातला. आमची मंजू तेव्हा झोळीतली होती. सुमन, म्हणजे माझी बायको, नागपूरचं बाळंतपण उरकून नुकतीच क्वार्टरवर परतली होती. क्वार्टर स्टेशनाला लागूनच, मध्ये फक्त एक कडुलिंब. उन्हाने प्लॅटफॉर्मच्या नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापलं होतं. दोन्ही गाड्या आल्या, इंजिनाचं पाणी झालं, छिद्दी ओरडून आला, मी दोन्ही ड्रायव्हरना गोळे दिले आणि गाड्या एकीमागून एक आपापल्या दिशेला सुटल्या. मी टेबलाशी येऊन पाणी प्यालो.

जबलपूरकडचं पुढचं स्टेशन उताराला होतं, त्याला आम्ही खालचं स्टेशन म्हणायचो. तिथे तिवारीजी मास्तर होते. घाटावरच्या स्टेशनला वरचं स्टेशन. खालच्याची गाडी लवकर पोचायची, वरची घाटात धापा टाकत जायची. तर गाडी पोचल्याची घंटा तिवारींनी दिली आणि पाठोपाठ फोन केला. एरवी ते आधी हवापाण्याचं बोलायचे. आज म्हणाले, "मास्टर साहब, एक औरत गलत गाड़ी में आ गई है।"

मी म्हटलं, "बसवून ठेवा. संध्याकाळच्या गाडीने पाठवा. इसमें नया क्या है?"

"उसका बच्चा दूसरी गाड़ी में है," तिवारीजी म्हणाले. "दूध पीता बच्चा।"

मागे रडण्याचा आवाज येत होता. तो रडण्याचा होता असंही म्हणवत नाही. दोन बायकांनी तिला धरून ठेवलंय, गाडी चालत असतानाच ती दारातून उडी मारत होती, असं तिवारीजी सांगत होते. तिचं नाव भागवती. नवरा जबलपूरला वीटभट्टीवर कामाला, ही तान्ह्या मुलीला घेऊन घाटावर माहेरी निघालेली. नळाचं पाणी पोळत होतं, म्हणून शेजारी बसलेल्या एका म्हातारीच्या मांडीवर मूल ठेवून ती लोटा घेऊन विहिरीवर गेली. शिट्टी ऐकली, धावत आली, समोर दिसलेल्या गाडीत चढली. आत शिरून पाहते तो ना म्हातारी, ना मूल. छिद्दीचं ओरडणं विहिरीपर्यंत पोचलं नव्हतं.

मी क्वार्टरकडे पाहिलं. मंजू झोळीत होती, मला इथून झोळीची दोरी दिसत होती. त्या दुसऱ्या मुलीची गाडी घाट चढत होती, आणि ज्या म्हातारीच्या मांडीवर ती होती तिचं गाव, नाव काही कोणाला ठाऊक नव्हतं. म्हातारी मध्येच कुठे उतरून गेली तर? घाबरून मूल बाकावरच ठेवून गेली तर? मी वरच्या स्टेशनच्या मास्तरांना फोन लावला आणि सांगितलं, गाडी आली की एक डबा सोडू नका, मूल हाती लागेपर्यंत गाडी हलवू नका.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. छिद्दी दारात उकिडवा बसून होता आणि सारखा एकच वाक्य म्हणत होता, "कुआँ तक जाना था मुझे, मास्साब।" मी त्याला दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा केलं नाही, कारण मीही मनात हेच म्हणत होतो.

घंटा आली. मग फोन. म्हातारी खिडकीत बसून मुलीला पदराने वारा घालत होती आणि सगळ्या डब्याला शिव्या देत होती, की आई आणून द्या. मूल सुखरूप होतं. मी खुर्चीत बसलो तो बसलोच.

पण मूल वरच्या स्टेशनात, आई खालच्या स्टेशनात, आणि मध्ये आम्ही. आईचं सोपं होतं. खालच्या स्टेशनात एक मालगाडी त्या पॅसेंजरची वाट पाहत उभीच होती, तिला आता आमच्याकडेच यायचं होतं. तिवारींनी भागवतीला मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसवून दिलं. आता ही मालगाडी तिला घेऊन थेट वरच्या स्टेशनपर्यंत गेली असती तरी झालं असतं, नाही का? कोळसा भरलेली मालगाडी घाट कशी चढते हे ज्याने पाहिलं नाही त्यालाच हे सुचेल. मध्येच दम गेला तर ती तासन्‌तास जंगलात उभी राहायची. आणि वरून फोन येत होता की मूल एकसारखं रडून राहिलंय, पाणी पीत नाही, बकरीचं दूध थुंकून टाकलं.

कंट्रोल म्हणाला, "बच्चे को शाम की गाड़ी से उतार देना।" उन्हं डोक्यावर होती. संध्याकाळ किती लांब आहे हे त्याच्या पंख्याखालून दिसत नसणार. मी म्हटलं, "साहब, तब तक वो भूखी रहेगी।" तो म्हणाला, "मैं क्या करूँ, घाट में अब माल जाएगी।" त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्या नकाशावर मूल नावाची गाडी नव्हती.

कंट्रोलचा फोन सगळ्या स्टेशनांना सामाईक; तेवढ्यात त्यावर वरच्या स्टेशनातून दुबेजींचा आवाज आला. दुबेजी रुळांची देखभाल करणारे इन्स्पेक्टर. लाइनवर या माणसाला सगळे टरकून असायचे. त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं, आणि छिद्दीचं म्हणणं होतं की ते रूळसुद्धा ठोकून नव्हे, डोळे वटारून सरळ करतात. त्यांच्याजवळ हाताने ढकलायची ट्रॉली असायची, चार चाकांवर एक बाक, वर छत्री, आणि ढकलायला चार माणसं. दुबेजी फोनवर कंट्रोलला म्हणाले, "मुझे घाट की लाइन देखनी है। अभी।"

कंट्रोल म्हणाला, "दुबेजी, पीछे माल है।"

"गर्मी में पटरी फैलती है। देखे बिना मैं माल नहीं चढ़ने दूँगा। आप लिखकर दे दो कि मत देखो, तो नहीं देखता।"

लिहून द्यायची गोष्ट निघाली की रेल्वेत सगळे गप्प होतात. रुळांबद्दल शंका असलेल्या इन्स्पेक्टरला अडवायची कोणाची छाती नव्हती. कंट्रोलने घाट ट्रॉलीला मोकळा दिला, आणि सांगितलं की ट्रॉली जामुनटोल्याला पोचल्याबरोबर माल सोडायची, एक मिनिट वाया घालवायचं नाही.

उतारावर ट्रॉली ढकलावी लागत नाही, आवरावी लागते. वळणावर आधी छत्री दिसली. मग दुबेजी. बाकाच्या मधोमध ताठ बसलेले, डोक्याला रुमाल, आणि दोन्ही हातांत, उकळत्या दुधाचं भांडं धरावं तसं धरलेलं ते मूल. त्याला त्यांनी आपल्या धुतलेल्या सदऱ्यात गुंडाळलं होतं आणि स्वतः गंजीवर बसले होते. मुलगी रडून रडून आता नुसती कण्हत होती. दुबेजी खाली उतरले आणि मला म्हणाले, "पूरे रास्ते चुप नहीं हुई। मैंने डाँटा भी।" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घाटातला वारा लागला असेल म्हणावं, तर त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं.

मालगाडी अजून आलेली नव्हती. मी मूल घेतलं. ते तापलेलं आणि हलकं होतं. मला काही सुचेना. तोवर सुमन कडुलिंबाखाली येऊन उभी राहिली होती.

"काहून उभे राहिले तसे?" ती म्हणाली. "द्या ना इकडे."

"त्याची आई येऊन राहिली मालगाडीने," मी म्हटलं.

"येईल तेव्हा येईल. पोरीच्या नरड्यातून आवाज निघून नाही राहिला."

तिने मुलीला घेतलं आणि ती आत गेली. दार लोटलं. आम्ही तिघे, मी, दुबेजी आणि छिद्दी, कडुलिंबाखाली जमिनीकडे पाहत उभे राहिलो. थोड्या वेळाने कण्हणं थांबलं. दुबेजी ट्रॉलीमनवर खेकसले, की उन्हात काय उभे आहात.

सुमनच्या मनात त्या वेळी काय आलं ते मी पुढे कधीतरी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही आलं. भूक लागलेल्या पोरीपाशी काय येते मनात?" आमच्या दोघांच्याही घरी शिवाशीव पाळत होते, माझ्या आईला हे कळलं असतं तर चार दिवस अबोला झाला असता. कळू दिलं नाही. त्याचा मला आजही आनंद आहे.

मालगाडी आली. ती पुरती थांबायच्या आधीच गार्डाच्या डब्यातून भागवती उतरली. पायांत काही नव्हतं, हातात अजून तो रिकामा लोटा होता. छिद्दीने नुसतं क्वार्टरकडे बोट केलं. ती धावली. मी मागोमाग गेलो आणि उंबऱ्यापाशी थांबलो.

सुमन जमिनीवर बसली होती, मांडीवर ती मुलगी. भागवतीने तिला उचललं, हुंगलं, हातपाय चाचपले, मग तिथेच बसकण मारून तिला छातीशी घेतलं. मुलगी तोंड उघडेना. भागवतीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मुलीची मान कलंडत होती. भागवतीचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "पी काहे नहीं रही? का हो गओ ई को?"

"कुछ नहीं हुआ, दीदी," सुमन म्हणाली. "पेट भरा है उसका. सोई है. मैंने पिलाया."

भागवतीने वर पाहिलं. तिचा पदर पुढून ओला झालेला होता, दुपारपासूनचं दूध झिरपत होतं. तेवढ्यात झोळीत मंजू उठली. तिची वेळ झाली होती, आणि तिच्या वाट्याचं दुसरीच पिऊन झोपली होती. तिने सूर लावला. सुमन उठून झोळी हलवू लागली, थोपटू लागली, पण मंजू भुकेच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे.

भागवतीने आपली झोपलेली मुलगी चटईवर ठेवली. हात पुढे केले. म्हणाली, "लाओ। इसे मुझे दो।"

सुमनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मंजूला झोळीतून काढून तिने तिच्या हातात दिलं, आणि मी पाठ फिरवून बाहेर आलो. मागून मंजूचा सूर अर्ध्यातच तुटला.

बाहेर मालगाडीचा ड्रायव्हर शिट्टी देत होता. घाट मोकळा होता, गोळा टेबलावर काढून ठेवला होता. याच मालगाडीने भागवतीला मुलीसकट वर पाठवायचं ठरलं होतं, तेव्हा ती येऊन बसल्याशिवाय मी गोळा देणार नव्हतो. छिद्दी हात आडवे पसरून इंजिनापुढे उभा होता, जसं काही तो ते अडवणार होता. स्टेशनात फोन वाजत होता. मी उचलला.

"ट्रॉली आ गई?" कंट्रोलने विचारलं.

"आ गई, साहब।"

"माँ पहुँच गई? बच्चा मिल गया?"

"मिल गया, साहब।"

"तो माल क्यों खड़ी है?"

"बच्चा दूध पी रहा है।"

 तो म्हणाला, जरा नरम आवाजात, "अच्छा। उस औरत का बच्चा।"

मी म्हटलं, "नहीं साहब. मेरा।"